पुळणीची पावती

या महिन्यात टपालाचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड आला. नाताळ ते सव्वीस जानेवारी सगळं पुणं-मुंबई कोकणात उतरलेलं असतं, त्यामुळे जमिनीच्या वाटण्या आणि सात-बाराची नावं बाजूला राहून या वेळी अर्ध्याहून जास्त पत्रं समुद्रकिनाऱ्यावरच्या पैशांची आहेत. कुणी भरले म्हणून चिडलंय, कुणाला घ्यायचेत म्हणून अडलंय. दापोली, गुहागर, मंडणगड या तीन तालुक्यांत मिळून माझी तेहतीस वर्षं ग्रामसेवकीत गेली, तेव्हा या विषयात मी दोन्ही बाजूंचा आरोपी आहे. निवडक पत्रं घेतोय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोन गाड्या, आठ माणसं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. फाट्यावर दोरी आडवी, एक पोरगा उभा. गाडीचे पन्नास, माणशी वेगळे दहा. कशाचे म्हटलं तर म्हणाला, 'स्वच्छतेचे.' खाली गेलो तर संडासाला कुलूप. समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे? हे कायदेशीर आहे का? — एक वाचक, चिंचवड

समुद्र कुणाच्या बापाचा नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम २० वाचा. रस्ते, नद्या, नाले यांच्या जोडीला भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, खाडीचा तळही त्यात राज्य सरकारच्या मालकीचा सांगितला आहे. म्हणजे ओली वाळू, जिच्यावर भरतीचं पाणी रोज चढतं-उतरतं, ती ना ग्रामपंचायतीची, ना शेजारच्या वाडीवाल्याची.

आता सरकारची म्हणजे सरकार तिचं काहीही करू शकतं का? तर तसंही नाही. बियास नदीचा प्रवाह वळवणाऱ्या हिमाचलातल्या एका मोटेलचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ. डिसेंबर १९९६ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हवा, समुद्र, वाहतं पाणी, जंगलं ही सरकारकडे विश्वस्त म्हणून असतात, लोकांच्या वापरासाठी. कल्पना मुळात रोमन कायद्यातली, सहाव्या शतकातल्या जस्टिनियन बादशहाच्या संहितेत समुद्राचा किनारा सगळ्यांचा म्हणून नोंदलेला आहे. आपल्याकडे हे कुणी लिहून ठेवलं नाही इतकंच. नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन येणाऱ्याला कुठल्या गावचा म्हणून कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

मग ग्रामपंचायतीला काहीच घेता येत नाही का? येतं. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ मध्ये करांची आणि फीची लांबलचक यादी आहे. यात्रेकरूंवरचा कर आहे, आठवडे बाजाराची फी आहे, गुरं चारायची फी आहे, बैलगाडीतळाची आणि टांगातळाची फी आहे. टांगा आता औषधालाही सापडत नाही, पण तळ आहे आणि त्यावर इनोव्हा उभी असते. गावच्या जागेत गाडी लावली, गावाने ती राखली, तर तिचे पैसे मागण्यात मला काही वावगं वाटत नाही. तुमचे पन्नास मी मान्य करतो. माणशी दहा करत नाही. वाळूवर पाय ठेवायची फी त्या यादीत मला कधी सापडली नाही, आणि मी ती यादी पाठ होईपर्यंत वाचलेली आहे. का वाचली, तेही सांगतो.

२०१३ चा उन्हाळा. मी तेव्हा ज्या गावात होतो तिथेही हेच केलं होतं. ठराव माझ्याच अक्षरात आहे. माणशी दहा, चारचाकीला तीस. सुरूच्या बनाशी रस्ता अरुंद होतो तिथे बांबू आडवा टाकला आणि गावातली दोन पोरं हजेरीवर उभी केली. पहिल्या महिन्यात पैसे बरे आले. कचऱ्याची पिंपं घेतली, ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्या झाल्या, सरपंच खूश, मी खूश.

मे अखेरीला एक दिवस पंधरा किलोमीटर आतल्या गावचा टेम्पो आला. सहा माणसं, डोकी नुकती भादरलेली, एकाच्या मांडीवर तांब्या, त्याला लाल फडकं बांधलेलं. बांबूवरच्या पोराला मी सांगून ठेवलं होतं की ओळख-पाळख बघायची नाही, बाहेरचा माणूस म्हणजे पावती. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. आम्ही पावतीपुस्तक छापून घेतलं होतं, त्यावर मधोमध छापलेलं होतं, 'पर्यटक संख्या', आणि पुढे टिंबं. त्या टिंबांवर त्याने सहा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांतला थोरला कार्यालयात आला. मला वाटलं भांडायला आलाय, मी चहा सांगितला. त्याने खिशातून चार घड्या घातलेली पावती काढली, टेबलावर सरळ केली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, यावर शिक्का नाय. दिवसांचा खर्च भावांत वाटायचाय, हिशेबाला लागेल. तेवढा शिक्का मारून द्या."

मी शिक्का मारून दिला. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत माणशी फी बंद करण्याचा विषय मीच घातला. सदस्य म्हणाले, भाऊसाहेब, चालू धंदा का मोडताय? मी म्हटलं, लेखापरीक्षणात अडकू. ते खोटं नव्हतं, पुढच्या वर्षी लेखापरीक्षकाने नेमकं हेच विचारलं की माणशी फी कोणत्या तरतुदीखाली आकारली. पण खरं कारण ते नव्हतं. त्या पावतीची स्थळप्रत मी निवृत्त होताना काढून घ्यायला हवी होती, राहिली.

तुमच्यापुरतं व्यवहाराचं सांगतो. पैसे भरताना पावती मागा आणि तिच्याकडे नीट बघा. ग्रामपंचायतीच्या कर-फीच्या पावतीला नमुना १० म्हणतात. पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक, ग्रामपंचायतीचं नाव, कसली फी ते, घेणाऱ्याची सही, एवढं असायला हवं. कर किंवा फी बसवायची तर आधी ठराव, मग गावात जाहीर नोटीस, हरकती, अशी १९६० च्या नियमांत रीत आहे. नुसतं व्हॉट्सअॅपवर ठरून बांबू पडत नाही. तुम्ही पत्रासोबत जो कागद जोडलाय तो शाळेच्या वहीचा चतकोर आहे, त्यावर पेनाने '180/-' लिहिलंय आणि खाली कसलीतरी सही. दोन गाड्यांचे शंभर, आठ माणसांचे ऐंशी, हिशेब तेवढा बरोबर आहे. हा कागद गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्जासोबत लावा. त्यांच्याकडून काय उत्तर येतं ते मलाही कळवा.

प्रश्न : भाऊसाहेब, मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमचं गाव लहान, पुळण मोठी. सुटीच्या दिवशी गाड्या मोजता येत नाहीत इतक्या येतात. सोमवारी सकाळी आम्ही बचत गटाच्या बायका पोती घेऊन खाली उतरतो. बाटल्या, लहान मुलांचे लंगोट, बिर्याणीच्या थाळ्या. मागच्या महिन्यात रापण ओढताना माझ्या दिराच्या पायात काच गेली, सात टाके पडले. तुम्ही लेखांत म्हणता किनारा सगळ्यांचा. मग घाण एकट्या आमची का? गोव्यात कळंगुटला कर लावायचं ठरलंय म्हणतात. आम्ही लावला तर चुकलं काय? — एक भगिनी, गुहागर तालुका

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चिंचवडच्या गृहस्थांना उत्तर देणं सोपं होतं.

शहरातल्या वाचकांसाठी आधी रापण म्हणजे काय ते सांगतो. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोलात समुद्रात सोडत नेतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन रांगांत माणसं ओढतात. अनवाणी. टाचा वाळूत रोवून, तोंड समुद्राकडे ठेवून, एकेक पाऊल मागे. टाच रोवायची तिथे फुटलेल्या बाटलीचा बूड उलटा रुतलेला असला तर तो दिसत नाही, कारण ओल्या वाळूत तपकिरी काच आणि ओला शंख एकाच रंगाचे दिसतात. सगळा भार त्या टाचेवर असतो. आणि दोर सोडता येत नाही, सोडला तर जाळ्याची ती बाजू पडते. दिराने तो तसाच ओढून पुरा केला असणार, हे मी न विचारता सांगतो.

तेव्हा घाण तुमची का, याला माझ्याकडे उत्तर नाही. ती तुमची नाहीच. पैसे यायलाच हवेत. वाद फक्त कुणाकडून आणि कशाचे एवढाच आहे.

कळंगुटचं तुम्ही म्हणता ते खरं. २०२४ मध्ये तिथल्या पंचायतीने गावात शिरणाऱ्या पर्यटकांवर कर बसवायचा, हॉटेलचं आरक्षण नसेल त्यांना अडवायचं, असा ठराव केला. राग मला समजतो, उघड्यावर स्वयंपाक मांडून खरकटं तिथेच टाकून जाणारी बसच्या बस त्यांनी झेललेली आहे. गोवा सरकारने २०१९ मध्येच किनाऱ्यावर दारू पिण्याला आणि उघड्यावर रांधण्याला दोन हजार रुपये दंड ठेवला होता. पण आरक्षण बघून आत सोडायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. हॉटेलवाला आत, एसटीने येऊन संध्याकाळी परत जाणारा बाहेर. डिचोलीच्या कारखान्यातला कामगार रविवारी पोरांना समुद्र दाखवायला आला तर तो कुठल्या रकान्यात बसतो?

विशाखापट्टणमला रुषिकोंडा म्हणून किनारा आहे. २०२० मध्ये आपल्या देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्यांतला एक. २०२३ च्या जुलैमध्ये तिथे माणशी वीस रुपये प्रवेश फी लावायचं ठरलं. लोक इतके खवळले की निर्णय मागे घ्यावा लागला. वीस रुपयांना कोण खवळतं, असं मलाही वाटलं होतं. मग हिशेब केला. पुण्याहून तुमच्या गावी येणारा डिझेलचे तीन-चार हजार जाळून येतो, खोलीचे आणखी तेवढेच. तुमच्या वीस रुपयांना तो परत फिरणार आहे का? एकही गाडी कमी होणार नाही, एकही बाटली कमी होणार नाही. उलट 'पैसे भरलेत' म्हणून टाकेल. हे मी अंदाजाने सांगत नाही, आमच्या बांबूवरच्या पोराने ऐकलेलं वाक्य आहे, "दहा रुपये कशाला घेतले मग? उचला." परत फिरतो तो शेजारच्या वाडीतला सायकलवरचा पोरगा, शिक्षकाने वर्गणी काढून आणलेली शाळेची सहल, माहेराला आलेली लेक.

म्हणून माणूस सोडा, गाडी धरा. आणि तीही तळावरच धरा. सुरूच्या बनामागे जागा आखा, दुचाकी, चारचाकी, मोठी बस यांचे वेगळे दर ठेवा, बसचा दर चांगला सणसणीत ठेवा. वाळूत एकही चाक उतरू द्यायचं नाही, याला अपवाद फक्त होड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा. अमावास्येचं उधाण म्हणजे काय हे न कळणारी मंडळी गाडी पाण्याच्या कडेला लावून फोटो काढतात, चाकं रुततात, आणि तोच ट्रॅक्टरवाला मग हजार-दोन हजार घेतो. त्याचा धंदा बुडेल, त्याची तयारी ठेवा. आमच्याकडे तो उपसरपंचाचा भाऊ होता.

दुसरं, किनाऱ्यावर जो कमावतो त्याच्याकडून घ्या. बनाना बोट, पॅरासेलिंग यांना सागरी मंडळाचा परवाना लागतो, तो आहे का ते आधी बघा. टपऱ्या, घोडागाडी, उंटवाला, घरगुती निवासवाले यांची वर्षाची फी ठरवा. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण फिरत्या पर्यटकाकडून दहा रुपये घेताना कुणी मतदार दुखावत नाही. माणशी फी गावोगाव इतकी लाडकी का, याचं खरं उत्तर हे आहे. तुम्ही सदस्य आहात, तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

संडास, गोड्या पाण्याची आंघोळ यांचे पैसे जरूर घ्या. पण दार उघडं पाहिजे, पाणी पाहिजे आणि आत दिवा पाहिजे. ते सांभाळणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघाला पाहिजे. बचत गटाकडेच द्या. आत्ता तुम्ही सोमवारी जे करता ते फुकटचं काम आहे, त्याला श्रमदान म्हणायचं बंद करा. ग्रामनिधीतून मजुरी लावून घ्या, हजेरीपट भरून.

आणि जीवरक्षक. २०१६ च्या एक फेब्रुवारीला रायगडातल्या मुरूडला पुण्याच्या कॉलेजची सहल आली होती, चौदा विद्यार्थी बुडाले. त्या संध्याकाळी मी दूरदर्शनसमोरून उठलो नाही. आपल्या किनाऱ्याची मुलं ओहोटीला पाण्यात उतरत नाहीत, कारण आजी लहानपणीच कान पिरगळून सांगते की पाणी ओढतंय. पुण्याच्या मुलांना कोण सांगणार? गोव्यात २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक मांडले, त्याचा पैसा सरकार देतं. आपल्याकडे गावातल्याच पोहणाऱ्या पोराच्या हातात शिट्टी देतात. असेना का, पण त्याला पगार द्या, दोरी द्या, तरंगतं टायर द्या, लाल झेंडा द्या. गाडीतळाच्या पैशांतला पहिला हिस्सा त्याचा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिकीट फाडून माणूस पाण्याकडे सोडला आणि तो बुडाला, की पहिला प्रश्न ग्रामपंचायतीला विचारला जाईल. बांबू टाकताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

शेवटचं. फलक लावा. महिन्याला किती जमा, कशावर खर्च, तळाच्या तोंडाशी, मोठ्या अक्षरांत. आमच्या फलकावर लोक उभे राहून वाचायचे. एका गृहस्थांनी बेरीज चुकलेली दाखवली, बेरीज माझी होती. दिराला नमस्कार सांगा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय ना?

प्रश्न : आमच्या गावाहून किनाऱ्यावर जायची जुनी पाणंद होती. दोन्ही बाजूंच्या जमिनी एका रिसॉर्टने घेतल्या. आता फाटक आणि पाटी, 'खासगी किनारा, फक्त निवासी पाहुण्यांसाठी'. कोळणींना दीड किलोमीटर वळसा पडतो. — एक वाचक, वेंगुर्ला तालुका

'खासगी किनारा' ही गोष्ट या देशात अस्तित्वात नाही. ती पाटी म्हणजे 'खासगी आकाश' लिहिण्यासारखी आहे. किनाऱ्याजवळची जमीन खासगी असू शकते, किनारा नाही. पण जमिनीतून वाट दिली नाही की किनारा आपोआप खासगी होतो, ही त्यातली मेख.

याच्यावर तुमच्या शेजारी गोव्यातच मोठा खटला झाला. दोनापावलाजवळच्या एका किनाऱ्यालगत पंचतारांकित हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादून दिली होती, लोकांची किनाऱ्याकडची वाट खुली ठेवायची या अटीवर. पुढे त्या वाटेच्या जागेत बांधकाम झालं. सामान्य गोंयकार आणि पर्यावरणवाले कोर्टात गेले. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाटेच्या बाजूने निकाल दिला आणि वाढीव बांधकाम पाडायला सांगितलं. गोवा सरकारने काय केलं? त्याच वर्षी भूसंपादनाच्या कायद्यात दुरुस्ती करून बांधकाम वाचवायची सोय केली. कोर्टात जिंकून घरी आलात तरी चप्पल लगेच काढू नका, म्हणून हे सांगितलं.

किनारी नियमनाच्या १९९१ च्या अधिसूचनेत दोन हॉटेलांच्या मध्ये किमान वीस मीटरची वाट लोकांसाठी सोडायची अट आलेली आहे. तुमचं काम मात्र त्याहून साध्या कागदापासून सुरू होतं. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट. तुमची पाणंद त्यावर असली तर रिसॉर्टच्या खरेदीखताने ती पुसली जात नाही. नक्कल, फाटकाचे फोटो आणि कोळणींचे जबाब, अंगठे असले तरी चालतील, असा अर्ज तहसीलदारांकडे आणि एक प्रत महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. अर्ज कोळणींच्या नावाने करा. तुमच्या नावाने केलात तर पहिल्याच सुनावणीत 'यांचा इथे संबंध काय' असं ऐकाल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक गावच्या किनाऱ्यावर जायला माणशी बॅज विकत घ्यावा लागतो. रांगेत उभं राहून मुकाट घेतो. भारतातच दहा रुपयांवरून एवढा गहजब का? — एक वाचक, एडिसन

कारण तुमच्याकडचा गहजब आधीच होऊन गेलाय. १९७२ मध्ये तुमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एव्हन-बाय-द-सी नावाच्या गावाविरुद्ध शेजारच्या नेपच्यून सिटीने दावा जिंकला. एव्हन आपल्या रहिवाशांना स्वस्तात आणि बाहेरच्यांना महागात बॅज द्यायचं. न्यायालय म्हणालं, किनारा सगळ्यांचा, दर एकच ठेवा. आधार तोच, चिंचवडच्या गृहस्थांना सांगितलेला विश्वस्ताचा. आपलं न्यायालय तिथे पोचलं त्याच्या चोवीस वर्षं आधी.

शिवाय बारा वर्षांखालच्या मुलांना तुमच्याकडे कायद्यानेच फुकट आहे, बॅजचा पैसा किनाऱ्याच्या देखभालीवर आणि सुरक्षेवरच घालवायचा असतो, आणि उंच खुर्चीवर बसलेला जीवरक्षक तुम्हाला समोर दिसतो. खुर्ची दिसली की आपला माणूसही पैसे काढतो, फार कुरकुर करत नाही. अटलांटिक सिटी आणि वाइल्डवूडला तर फुकट आहे असं माझा भाचा सांगतो, तो तिकडेच जातो. नागपूरचा आहे.

प्रश्न : मंडणगड तालुक्यात वेळासला कासव बघायला गेलो. दोरीच्या बाहेर उभं केलं, मोबाइलचा दिवा लावू दिला नाही, रात्री किनाऱ्यावर जायला बंदी. तुम्ही किनारा खुला म्हणता, मग ही दादागिरी चालते का? — एक वाचक, डोंबिवली

चालते. मला आवडते.

ऑलिव्ह रिडले कासवी रात्री वाळूत येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी गावातलेच लोक उकरून विकायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जाळीत राखायला सुरुवात केली. पिल्लं बाहेर आली की टोपलीतून आणून पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात. हाताच्या तळव्यावर मावेल एवढं पिल्लू, पाठीला वाळू चिकटलेली, पुढचे दोन पाय वल्ह्यांसारखे मारत सरकतं. माणसाच्या टाचेचा खड्डा त्याला विहिरीएवढा असतो, तुम्ही दोरीच्या आत उभे असता तर त्यात पडलं असतं. आणि ते उजेडाच्या दिशेने जातं. रात्री समुद्र जमिनीपेक्षा उजळ असतो म्हणून ते समुद्राकडे जातं, तुमचा मोबाइल त्याहून उजळ.

ही बंदी तुम्हाला आहे तशी सरपंचाला आहे, मला आहे. हंगाम संपला की दोरी निघते. मुंबई महापालिकेने २०२२ च्या पावसाळ्यात मोठ्या पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी किनारे फक्त सकाळी सहा ते दहा उघडे ठेवले, तेही मला पटलं होतं. कुणाला आत घ्यायचं ते खिसा बघून ठरत नसेल तर दोरीला माझी हरकत नसते.

गावात जेवलात का? वेळासला घराघरांत सोय असते, गावाला पैसे त्यातून मिळतात. जेवला नसाल आणि पोळीभाजीचा डबा डोंबिवलीहून घेऊन गेला असाल, तर पुढच्या खेपेला नेऊ नका.

पुढील अंकासाठी : सामायिक विहिरीचे प्रश्न बरेच साठले आहेत, ते घेईन. सोबत सात-बाराची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत पाठवू नका. मागच्या महिन्यात दोघांनी मूळ पाठवली, ती रजिस्टर टपालाने परत केली आहे.